कांडी मोजली, भाकरी राहिली

मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपुरात अनेक घरांत पुढच्या खोलीत पॉवरलूम खडखडतात आणि मागच्या खोलीत स्वयंपाक होतो. माग चालवणाऱ्याची मजुरी मीटरवर ठरते. त्याच्या मागाच्या धोट्यात बसणाऱ्या सुताच्या कांड्या भरते ती बहुधा घरचीच बाई. सूत तुटलं की गाठ मारायची, कुकरची शिट्टी झाली की उठायचं, पोराला दटावायचं आणि पुन्हा कांडीच्या मशीनवर बसायचं. तिच्या नावाने वेगळे पैसे निघत नाहीत.

तिच्या या दिवसाची सरकारी नोंद मात्र दोन भागांत होते. श्रमशक्ती सर्वेक्षणात घरच्या धंद्याला विनामोबदला हात लावणारी बाई कामगार ठरते. फक्त स्वयंपाक, धुणीभांडी आणि सासूची सेवा करणारी बाई श्रमशक्तीच्या बाहेर राहते. राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीतही अशीच रेघ आहे. घरच्या वापरासाठी तयार केलेल्या वस्तू उत्पादनात धरायच्या, घरच्यांची केलेली सेवा सोडून द्यायची. त्यामुळे विहिरीवरून आणलेला हंडा नियमाने उत्पादनात येतो, पण त्याच पाण्यात शिजवलेली डाळ येत नाही.

हे न मोजलेलं काम थोडंथोडकं नाही. 2024च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी 289 मिनिटं घालवतात, तर पुरुष 88. शिवाय घरकामाला हात लावणारे पुरुष सुमारे चारात एक.

याची किंमत दोन तऱ्हांनी काढता येते. हेच काम पगारी माणसाकडून करून घेतलं तर किती लागेल, हा एक हिशेब. तेवढ्या वेळात त्या बाईने बाहेर किती कमावलं असतं, हा दुसरा. दुसऱ्या हिशेबात वकीलबाईंची पोळी महाग ठरते आणि कांडी भरणारीची स्वस्त. म्हणजे बाजारातली विषमता थेट ताटात उतरते. स्टेट बँकेच्या 2023च्या अहवालाने स्त्रियांच्या बिनपगारी कामाची किंमत सुमारे 22.7 लाख कोटी रुपये, म्हणजे जीडीपीच्या साडेसात टक्क्यांच्या घरात काढली होती. जानेवारी 2021मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अपघाताच्या भरपाईत गृहिणीचं मानीव उत्पन्न धरण्याचं तत्त्व उचलून धरलं.

पण ही किंमत उत्पन्नात मिळवली की एक चकवा तयार होतो. समजा, एका घरात महिन्याला 15 हजार येतात आणि दुसऱ्यात 60 हजार. दोन्हीकडच्या घरकामाचे 10-10 हजार धरले, तर चौपटीचं अंतर 2.8 पटींवर येतं. कागदावर विषमता घटली, पण पहिल्या घरात एक रुपयाही जास्त आला नाही. 60 हजारवाले मोलकरीण लावून वेळ विकत घेऊ शकतात; विणकराच्या घरी तो वेळ बाईच्या झोपेतून काढला जातो. इतक्या कमी मजुरीवर माग चालतो, कारण कांडी फुकट भरली जाते आणि मजुराचं जेवण फुकट रांधलं जातं. या फुकट श्रमाचा फायदा कापडाच्या भावात मुरतो.

म्हणून घरकामाला किंमत लावण्याइतकंच त्याचं ओझं उतरवणं महत्त्वाचं, आणि याचं उदाहरण याच जिल्ह्यात आहे. ऑगस्ट 2019मध्ये ग्रामीण बुऱ्हाणपुरातल्या 1,01,905 घरांपैकी फक्त 37,241 घरांत नळाचं पाणी होतं. जुलै 2022मध्ये 'हर घर जल' म्हणून प्रमाणित झालेला हा देशातला पहिला जिल्हा ठरला. नळाने कुणाला पगार दिला नाही, पण हंड्याची खेप सरकारी खर्चाने वाचली. राज्याच्या 'लाडली बहना' योजनेचे दरमहा मिळणारे पैसेही उपयोगी पडतात; पण ती उत्पन्नाची मर्यादा पाहून दिलेली मदत आहे, कामाचा मोबदला नव्हे.

वाचलेला तास पुन्हा फुकटच्या कांडीत गेला, तर नळाचा लाभही बाईऐवजी कापडालाच होईल. तेव्हा पुढची मागणी सरळ आहे: मागाच्या वस्तीत पाळणाघर हवं, आणि मीटरच्या दरात कांडीची मजुरी वेगळी धरून ती भरणारीच्या हातात पडायला हवी.