जुलाब लागले तरी बाळाचं पाणी तोडू नका

पावसाळ्यात वस्तीत फिरताना आम्ही एका दारात थांबलो. आठ महिन्यांचं बाळ आजीच्या मांडीवर मलूल पडलेलं. आई धुण्याभांड्याच्या कामाला गेलेली. "सकाळपासून जुलाब होतायत, म्हणून पाणी बंद केलंय," आजी म्हणाल्या. हा समज आम्ही घरोघरी ऐकतो. पण बाळाच्या जिवावर उठतं ते अंगातलं पाणी संपणं.

एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ओआरएसची अख्खी पुडी कालवा. दोन महिने ते दोन वर्षांच्या बाळाला दर जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, चमच्याचमच्याने पाजा. ओकलं तर दहा मिनिटं थांबून पुन्हा द्या. उरलेलं २४ तासांनी फेकून द्या. अंगावरचं दूध चालूच ठेवा. सहा महिन्यांवरच्याला मऊ वरणभातही द्या. झिंकची गोळी आशाताईंकडून घ्या, त्या सांगतील तेवढीच, जुलाब थांबले तरी १४ दिवस.

डोळे खोल गेले, लघवी कमी झाली, जुलाबात रक्त दिसलं, बाळ मलूल झालं किंवा पिईना, तर लगेच दवाखाना गाठा. दोन महिन्यांखालच्या बाळाला तर वाट न बघता न्या.

त्या बाळाला आम्ही वाटेत चमच्याने पाजतच दवाखान्यात नेलं. ते वाचलं. आता आजीच शेजारणींना पुडी कालवायला शिकवतात.