रक्तातील संप्रेरके आणि मूत्रपिंडाचा कर्करोग

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात 'किडनीचा आजार' असे कोणी म्हटले की संग्रामपूर, जळगाव जामोदकडील खारपाणपट्ट्यातील गावे डोळ्यांसमोर येतात. तेथील आजारात मूत्रपिंडे हळूहळू निकामी होतात. तो कर्करोग नव्हे. मूत्रपिंडाच्या कर्करोगात एका भागात गाठ वाढते आणि बाकीचा भाग बरेच दिवस व्यवस्थित काम करीत असतो. म्हणून क्रिएटिनिनची तपासणी चांगली आली म्हणजे गाठ नाही, असे समजता येत नाही. हा फरक आधी सांगण्याचे कारण, बीबी येथील आमच्या नात्यातील एका गृहस्थांच्या बाबतीत असाच घोळ झाला.

वय ५८, शेतीच्या जोडीला किराणा दुकान. दिवसभर गल्ल्यावर बसणे, पोट सुटलेले, विडीची सवय. एके दिवशी लघवी लाल झाली. दुखले मुळीच नाही. उन्हाळी लागली असेल म्हणून धने-जिऱ्याचे पाणी आणि सब्जा सुरू झाला. दोन दिवसांत लघवी स्वच्छ झाली, तेव्हा औषध लागू पडले असे घरच्यांनी धरले. चार महिन्यांनी पुन्हा तेच. हार्मोन बिघडले की कॅन्सर होतो, असे कोणीतरी मुलाच्या कानावर घातले होते. त्याने वडिलांना शहरात नेऊन 'हार्मोन प्रोफाइल' नावाची महागडी रक्ततपासणी करून आणली. अहवाल 'नॉर्मल' आला आणि सर्व निर्धास्त झाले. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी सोनोग्राफी करायला लावली. उजव्या मूत्रपिंडात सहा सेंटिमीटरची गाठ निघाली.

आता प्रश्न असा की, मुलाच्या कानावर आलेली गोष्ट साफ खोटी होती काय? नाही. पण ती अर्धवट होती, आणि अर्धवट माहितीने त्या घराचे पैसेही गेले व वेळही गेला.

संप्रेरक म्हणजे हार्मोन. शरीरातील ग्रंथींनी रक्तातून पाठवलेला हा निरोप असतो. मूत्रपिंड स्वतःही असे निरोप पाठवते. तांबड्या पेशी वाढवा हे हाडांतील मगजाला सांगणारे एरिथ्रोपोएटिन तेथेच तयार होते. रक्तदाब सांभाळणारे रेनिनही तेथलेच. मूत्रपिंडात कर्करोगाची गाठ झाली तर कधी कधी हे निरोप वाजवीपेक्षा जास्त सुटतात, आणि रुग्णाचे हिमोग्लोबिन किंवा रक्तदाब वाढलेला सापडतो. म्हणजे रक्तात संप्रेरक जास्त आढळले, तरी ते रोगाचे कारण आहे की रोगाचा परिणाम, हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही.

शास्त्रज्ञांचा पहिला संशय स्त्री-संप्रेरकावर गेला. १९४० ते १९५० च्या सुमारास अमेरिकेत कर्कमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी सीरियन हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या नरांना इस्ट्रोजेनच्या जातीचे औषध दीर्घकाळ दिले, आणि त्यांच्या मूत्रपिंडांत गाठी झाल्या. सोबत प्रोजेस्टेरॉन दिले तर गाठी रोखल्या जात. मग काय, लंडनचे डॉ. ब्लूम यांनी आणि त्यांच्यामागून अनेकांनी रुग्णांना प्रोजेस्टेरॉनच्या जातीची औषधे दिली. सुरुवातीचे अहवाल आशादायक होते. पुढे काटेकोर पाहणी झाली, तेव्हा शंभरात फार तर चार-पाच रुग्णांची गाठ लहान होते असे दिसले आणि हा उपचार मागे पडला. खरे तर एक साधी गोष्ट पहिल्यापासून समोर होती. हा कर्करोग पुरुषांत स्त्रियांच्या जवळजवळ दुप्पट आढळतो. इस्ट्रोजेन हेच मूळ असते, तर आकडे उलटे असायला हवे होते! गर्भनिरोधक गोळ्यांनी हा कर्करोग वाढतो असेही पाहण्यांत आढळलेले नाही. हॅमस्टर हा हॅमस्टर आणि माणूस हा माणूस.

आज ज्या संप्रेरकाविरुद्ध सर्वांत सबळ पुरावा आहे ते आपल्या चांगल्या ओळखीचे, म्हणजे इन्शुलिन. इन्शुलिन नुसती साखर पेशीत पोचवत नाही, तर पेशींना 'वाढा' असाही निरोप देते. पोटावर चरबी साठली की शरीर इन्शुलिनला दाद देईनासे होते आणि स्वादुपिंड ते अधिकाधिक सोडू लागते. साखर बरीच वर्षे ठीक दिसते, पण रक्तात इन्शुलिन वाढलेले असते.

येथेही कारण कोणते व परिणाम कोणता हा प्रश्न होताच. तो सोडवण्यासाठी संशोधकांनी जनुकांचा आधार घेतला. काही माणसांच्या जनुकांची ठेवणच अशी असते की त्यांचे उपाशीपोटीचे इन्शुलिन जन्मभर थोडे जास्त राहते. बियाण्यातला गुण जसा पेरणीआधीच ठरलेला असतो, तशी ही ठेवण रोगाच्या कितीतरी आधीची असते. ती रोगाचा परिणाम असू शकत नाही. २०१९ साली दहा हजारांवर रुग्ण आणि वीस हजारांवर इतर माणसे यांच्या जनुकांची अशी तुलना प्रसिद्ध झाली. इन्शुलिन जास्त ठेवणाऱ्या जनुकांचे लोक रुग्णांत अधिक निघाले. लठ्ठपणा आणि रक्तदाबाचा खालचा आकडा यांचेही तसेच. रक्तातील साखरेचा मात्र तसा संबंध ठळकपणे दिसला नाही. साखर नॉर्मल आली म्हणून निश्चिंत होणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

ही तुलना मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांची होती. मग आपल्याला तिचे काय, असे कोणी विचारील. याचा एक धागा आपल्या महाराष्ट्रातच आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुणे आणि लंडन येथील नवजात बालकांच्या नाळेतील रक्त तपासले. आपली बाळे अर्ध्या किलोहून अधिक हलकी, तरी वजनाच्या मानाने त्यांच्या रक्तात इन्शुलिन जास्त होते. २००४ साली त्यांनी स्वतःचेच उदाहरण छापले. ते आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. युडकिन, उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. युडकिन यांच्या अंगात चरबी ९ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगात २१ टक्के! तेव्हा वजनकाट्यावर आपण बारीक दिसलो तरी पोटाचा हिशेब वेगळा असतो. आमच्या गृहस्थांनाही कोणी लठ्ठ म्हणत नव्हते.

२०२० च्या अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १७ हजार लोकांना मूत्रपिंडाचा कर्करोग होतो. तोंडाच्या किंवा स्तनाच्या कर्करोगापुढे ही संख्या लहान आहे, म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. परंतु रक्तातील कोणत्याही संप्रेरकाचा आकडा पाहून हा कर्करोग आहे किंवा नाही हे सांगता येत नाही. इन्शुलिनचाही नाही. ते धोका थोडा वाढवते, गाठ दाखवत नाही. गाठ दाखवते ती सोनोग्राफी आणि त्यानंतर सी.टी. स्कॅन. लघवीतून एकदाही रक्त गेले, मग ते दुखो वा न दुखो, आपोआप थांबो वा न थांबो, तर डॉक्टरांकडे जाऊन सोनोग्राफीविषयी विचारावे. थांबलेले रक्त हे बरे झाल्याचे लक्षण नाही.

एरवीसाठी शिंप्याची टेप पुरते. बेंबीच्या रेषेत पुरुषांचा घेर ९० सेंटिमीटरच्या व स्त्रियांचा ८० च्या आत असावा. रक्तदाब प्राथमिक आरोग्य केंद्रात मोजून मिळतो. विडी-सिगारेट हे या कर्करोगाचे सिद्ध झालेले कारण आहे, त्यावर वेगळे काय लिहावे? शस्त्रक्रियेची वेळ आलीच, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ती बसते का याची चौकशी रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे आधी करावी, म्हणजे शेत गहाण टाकण्याची घाई होत नाही.

गृहस्थांचे उजवे मूत्रपिंड काढले. गाठ मूत्रपिंडाबाहेर गेली नव्हती. डावे एकटे काम करते आहे. विडी सुटली, दुकानात आता मुलगा बसतो आणि ते सकाळी मेहकर रस्त्याने चालून येतात. तपासणीची तारीख आली की एसटीने जालन्याला जातात. हार्मोनचा तो जुना अहवाल अजून फायलीत सगळ्यात वर लावलेला आहे.