सर्व्हर दमतोय? मोठा प्लॅन घेण्याआधी घड्याळ बघा



गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर आपल्या बॅचमधल्या एका ताईंचा फोन आला. घरगुती फराळ विकतात. "सर, रोज साडेअकरा वाजले की वेबसाइट उघडतच नाही. तासाभराने आपोआप नीट होते. होस्टिंगवाले म्हणतात, सीपीयू कमी पडतोय, मोठा प्लॅन घ्या." मोठा प्लॅन म्हणजे भाडं दुप्पट. फराळात मार्जिन किती असतं ते करणाऱ्यालाच माहीत.

मी म्हटलं, थांबा. आधी सीपीयू कोण खातंय ते बघू.

त्यांचा स्वतःचा व्हीपीएस होता, त्यावर सीपॅनल. दुसऱ्या दिवशी बरोब्बर साडेअकराला स्क्रीन शेअर केली आणि टर्मिनलमध्ये 'टॉप' ही कमांड दिली. सगळ्यात वर लोड अ‍ॅव्हरेजचे तीन आकडे दिसतात: मागचं 1 मिनिट, 5 मिनिटं, 15 मिनिटं. सर्व्हरला कोअर 2, आणि आकडा 7 च्या पुढे! म्हणजे दुकानात काउंटर दोन आणि गिऱ्हाइकं सात.

आता गंमत बघा. यादीत वर ना वेबसाइट होती, ना डेटाबेस. वर होता जीझिप, म्हणजे बॅकअपची फाइल दाबून लहान करणारा प्रोग्रॅम. त्याच्याखाली ऑस्टॅट्स, साइटवर किती लोक आले ते मोजणारा. दोघेही पॅनलचेच नोकर!

पण हे भर दुपारी का? सीपॅनलचा बॅकअप, आपण बदल केला नसेल तर, रात्री 2 वाजता सुरू होतो. कुणाच्या रात्री? सर्व्हरच्या. त्यांच्या सर्व्हरचं घड्याळ न्यूयॉर्कचं होतं, आणि ऑक्टोबरमध्ये तिथे रात्रीचे 2 म्हणजे आपल्याकडे सकाळचे साडेअकरा. ऐन ऑर्डरीची वेळ.

बॅकअपची वेळ तिथली संध्याकाळी साडेपाच केली, म्हणजे आपली पहाटेची 3. नोव्हेंबरात अमेरिकेतलं घड्याळ तासभर मागे जातं, तेव्हा पहाटेचे 4 होतील. चालेल. बॅकअप 'इन्क्रिमेंटल' केला, म्हणजे रोज फक्त बदललेल्या फाइल्स घेतल्या जातात. ऑस्टॅट्सलाही दिवसाचे तास बंद केले. त्याचं काम इतकं वाढलं होतं कारण वर्डप्रेसच्या लॉगिन पानावर बॉट दिवसभर पासवर्ड आपटून बघत होते, आणि प्रत्येक धडकेची लॉगमध्ये एक ओळ. ते पान फक्त ताईंच्या आयपीपुरतं उघडं ठेवलं.

'टॉप'मध्ये 'डब्ल्यूए' हा आकडाही बघत जा. तो मोठा असेल तर सीपीयू डिस्कची वाट बघत बसलाय. तिथे कोअर वाढवून काय उपयोग?

आणि हो, वैतागून बॅकअपच बंद करू नका. मी केला होता. पुढच्याच आठवड्यात एका प्लगिनच्या अपडेटने साइट मोडली आणि दोन दिवस सगळे प्रॉडक्ट हाताने पुन्हा टाकत बसलो. घरच्यांनी जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

शेअर्ड होस्टिंग असेल तर हे सगळं तुमच्या हातात नसतं. मग सपोर्टला नुसतं "साइट स्लो आहे" असं लिहू नका. रोज किती वाजता, किती वेळ, ते लिहा आणि त्या वेळेला कुठली प्रोसेस चालू होती ते विचारा.

दोन दिवसांनी साडेअकराला ताईंनी स्वतःच 'टॉप' उघडून फोटो पाठवला. लोड 0.6. खाली प्रश्न: "सर, चकलीचे फोटो पण लहान करायचे का?"

हो ताई, करायचे. ते पुढच्या व्हिडिओत.