पहिल्या क्रमांकाचे प्रकरण

गेल्या कोजागरीला प्रतापनगरातील आमच्या गच्चीवर जे प्रकरण दाखल झाले, त्याचा निकाल अद्याप लागलेला नाही. आटलेले दूध वाटून झाले होते, रिंग रोडवरच्या वाहनांचा गलबला जरासा ओसरला होता, आणि गाण्यांच्या भेंड्यांचा डाव नेहमीप्रमाणे ‘ळ’ या अक्षरापाशी येऊन रुतला होता, अशा निवांत वेळी घरातल्याच एका तरुणाने सहज म्हणून विचारले, की मराठीतला सर्वश्रेष्ठ संगीत चित्रपट कोणता म्हणायचा? प्रश्नातच उत्तर दडलेले होते, व ते ‘सैराट’ हे होते; परंतु जिथे तीन पिढ्या एका सतरंजीवर बसलेल्या आहेत तिथे असला प्रश्न टाकणे म्हणजे वाटणीपत्र न झालेल्या वाड्यात सगळ्या भाऊबंदांना जेवायला बोलावण्यासारखेच आहे, हे त्या बिचाऱ्याला कोणी सांगितले नव्हते.

शेजारचे निवृत्त नायब तहसीलदार, ज्यांना सारी गल्ली भाऊसाहेब म्हणते, ते या कामी आपण होऊन पुढे झाले. त्यांनी घरून एक जाड वही आणवली आणि पानावर रकाने आखले: अनुक्रमांक, चित्रपटाचे नाव, साल, सुचविणाऱ्याची सही, शेरा. तासाभरात बावीस नावे नोंदली गेली आणि त्यांवर एकतीस हरकती. माझ्या आत्याने तेवढी सही करण्याचे साफ नाकारले. ‘संत तुकाराम’चे नाव यादीत पाहून ती म्हणाली, “काय बाप्पा, देवाले का कोणी नंबर देते का?”

या वादाचे मूळ मला आवडीनिवडीपेक्षा व्याख्येत दिसते. रंगभूमीवर ही अडचण कधी उद्भवली नाही, कारण १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगमंचावर आणल्यापासून गाण्याच्या नाटकाने आपल्या नावाआधी ‘संगीत’ हे बिरूद लावण्याची प्रथा पडली, आणि प्रेक्षक तिकीट काढतानाच आपण काय पाहावयास व ऐकावयास चाललो आहोत हे जाणून असे. चित्रपटाने असे बिरूद कधी लावले नाही, आणि लावण्याचे त्याला कारणही नव्हते. १९३१ च्या ‘आलम आरा’त सात गाणी होती, पुढच्याच वर्षीच्या ‘इंद्रसभे’त ती सत्तरच्या आसपास गेली, आणि ‘अयोध्येचा राजा’ या प्रभातच्या पहिल्या मराठी बोलपटात तर हरिश्चंद्राची भूमिका आणि संगीतदिग्दर्शन ही दोन्ही कामे गोविंदराव टेंबे यांच्याकडे होती, ज्यांनी १९११ साली ‘मानापमान’च्या चाली बांधल्या होत्या. जिथे सारेच गातात तिथे गायक कोणाला म्हणावे? अमेरिकेत संगीत चित्रपट ही निराळी जात मानली जाते, म्हणून तिथल्या फिल्म इन्स्टिट्यूटला २००६ साली पंचवीस संगीत चित्रपटांची क्रमवार यादी निश्चिंतपणे जाहीर करता आली. आपल्याकडे मात्र आधी हद्दी कायम कराव्या लागतात, मग मोजणी.

मी एक कसोटी पुढे ठेवली. गाणी काढून घेतली असता ज्याची कथा जागच्या जागी उभी राहते, तो गाण्यांचा चित्रपट असेल, संगीत चित्रपट नव्हे. ही कसोटी कबूल होताच दुःखद परिणाम दिसू लागले. भालजी पेंढारकरांचा ‘साधी माणसं’ (१९६५) हा ज्याच्या गाण्यांवर आमची पिढी पोसली असा चित्रपट. त्याचे संगीत ‘आनंदघन’ या नावाचे, आणि राज्य पुरस्काराच्या वेळी हे आनंदघन म्हणजे लता मंगेशकर असे उघड झाले ही कथा ज्याला ठाऊक नाही असा मराठी रसिक विरळा. तथापि लोहाराच्या त्या जोडप्याची हकीगत गाण्यांवाचूनही पुरी होते, सबब नाव कमी. ‘जगाच्या पाठीवर’ (१९६०) काठावर तरला, कारण नायिकाच रस्त्यावर गाणारी अंध मुलगी आहे. ‘कुंकू’ (१९३७) वर बराच खल झाला. त्या चित्रपटात शांताराम आणि केशवराव भोळे यांनी पार्श्वसंगीत मुळीच वापरले नाही, घरातल्या व रस्त्यावरच्या स्वाभाविक आवाजांवरच भागविले, आणि तरीही शांता आपटे त्यात चक्क लाँगफेलोची इंग्रजी कविता गातात. संगीताविषयी इतका संयम पाळणाऱ्या चित्रपटाला संगीत चित्रपट म्हणणे हा त्याचा मान की अपमान, याचा उलगडा झाला नाही.

शाहिरांचा आणि तमाशाचा प्रदेश आला तेव्हा माझ्या कसोटीचे वैगुण्य माझ्याच पदरात पडले. ‘लोकशाहीर रामजोशी’ (१९४७) आणि ‘अमर भूपाळी’ (१९५१) हे शांतारामांचे दोन चित्रपट पेशवाईच्या उतरत्या काळातल्या खऱ्याखुऱ्या कवींवरचे. पहिल्यात कीर्तनाचा वारसा असलेला सोलापूरचा ब्राह्मण फडावर उभा राहून जातभाईंचा रोष ओढवून घेतो, दुसऱ्यात होनाजी हा गवळी आपल्या रचनेने पहाटेचा मालक होऊन बसतो. दोहोंना संगीत वसंत देसाईंचे, आणि ‘अमर भूपाळी’चा १९५२ च्या कान महोत्सवात ध्वनिमुद्रणाकरिता गौरव झाला, ही गोष्ट मराठी माणूस अकारण विसरतो. अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) पुण्याच्या विजयानंदमध्ये १३१ आठवडे चालला. अडीच वर्षे एका गावात एक चित्रपट टिकतो तेव्हा तो पाहणारे लोक कथा पाहावयास खासच जात नसणार, वसंत पवारांची ढोलकी ऐकावयास जात असणार. ‘पिंजरा’ (१९७२) आणि ‘नटरंग’ (२०१०) हेही ओघाने आलेच. परंतु भाऊसाहेबांनी चष्मा वर करून विचारले, की तमाशा हाच ज्यांचा पोटाचा धंदा त्यांच्या चित्रपटातून गाणे काढणार कसे, आणि मग झाडून सगळे तमाशापट आपोआप उत्तीर्ण व्हायचे की काय? हरकत रास्त होती. मी ती मान्य केली.

त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि त्याचे कारण निव्वळ दूध नव्हते. यादीतली जी नावे कोणत्याही पिढीने खोडली नाहीत ती मी मनाशी घोळवू लागलो, आणि पहाटेच्या सुमारास एक गोष्ट ध्यानात आली, जी आजवर ध्यानात कशी आली नाही याचे मला नवल वाटते. ‘संत तुकाराम’ (१९३६) मधला संघर्ष कशावरून आहे? दामले आणि फत्तेलाल यांनी रंगविलेला सालोमालो तुकोबांचे अभंग आपल्या नावावर खपवतो, तेच अभंग निराळ्या थाटात गातो, आणि वर तुकोबांनीच आपले काव्य चोरले असा कांगावा करतो. वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागतात त्या या तंट्याच्या पोटी, आणि वर येतात तेव्हा निकाल मिळतो तो ग्रामस्थांना नव्हे, नदीला विचारून. ‘कट्यार काळजात घुसली’मध्येही खाँसाहेब आपली गायकी घराण्याबाहेर जाऊ देत नाहीत आणि सदाशिव ती चोरून ऐकत आत्मसात करतो. इतकेच काय, अमेरिकन यादीत अव्वल ठरलेला ‘सिंगिन इन द रेन’ (१९५२) घ्या: बोलपट आल्यावर एका नटीचा कर्कश आवाज झाकण्यासाठी दुसऱ्या मुलीचा आवाज तिच्या तोंडी बसविला जातो, आणि अखेरीस पडदा वर ओढून आवाजाची खरी धनीण प्रेक्षकांसमोर उभी केली जाते. उत्तम संगीत चित्रपटाच्या मुळाशी एकच फिर्याद असते: हे गाणे कोणाचे?

सकाळी मी हा सिद्धान्त तर्री-पोह्यांच्या गाडीपाशी भाऊसाहेबांच्या कानी घातला. त्यांनी पोह्यांवर आणखी थोडी तर्री मागून घेतली, दोन घास शांतपणे खाल्ले, आणि म्हणाले, “म्हणजे हा सातबाराचाच वाद झाला जी. मालकी एकाची, वहिवाट दुसऱ्याची.” याहून नेमके मला आजही सांगता येणार नाही.

या नव्या दृष्टीने पाहता ‘जैत रे जैत’ (१९७७) फार निराळा भासू लागतो. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरून जब्बार पटेलांनी काढलेल्या या चित्रपटात ठाकरवाडीचा समूहच कथा गाऊन सांगतो, मोहन आगाशे यांचा नाग्या आणि स्मिता पाटील यांची चिंधी यांच्या मनातले बरेचसे त्या गाण्यांतूनच आपल्याला कळते, आणि मधमाश्यांच्या राणीशी मांडलेला नाग्याचा हट्ट ढोलाच्या लयीवर चढत जातो. येथे गाणे कोणाचेच नाही, म्हणून ते सर्वांचे आहे. चोरी करावयास धनीच नाही. ना. धों. महानोरांनी शब्द दिले आणि हृदयनाथ मंगेशकरांनी स्वर, पण पडद्यावर मात्र ते गाणे त्या डोंगराच्या पायथ्याशी उगवल्यासारखे वाटते. माझे मत विचाराल तर मी पहिला क्रमांक यालाच देईन. आमच्या गच्चीवर मला एकही अनुमोदक मिळाला नाही.

कारण गच्ची नागपुरातली होती, आणि नागपुरात पहिल्या क्रमांकाचा दावा ‘कट्यार’चाच असतो. हा केवळ प्रादेशिक अभिमान असे मी पूर्वी म्हणत असे, पण त्याला कागदोपत्री आधार आहे. मूळ नाटक लिहिणारे पुरुषोत्तम दारव्हेकर, म्हणजे साऱ्या शहराचे दारव्हेकर मास्तर, हे इथलेच. रंजन कला मंदिर ही त्यांची संस्था इथली. ‘वऱ्हाडी माणसं’ही त्यांचेच. २४ डिसेंबर १९६७ रोजी ‘कट्यार’ रंगभूमीवर आले, पं. जितेंद्र अभिषेकींच्या चाली आणि खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. तेही मूर्तिजापूरला जन्मलेले, नागपुरात शंकरराव सप्र्यांच्या हाताखाली शिकलेले, पोरवयात भालजींच्या ‘कालियामर्दन’मध्ये (१९३५) कृष्ण झालेले, आणि आता सिव्हिल लाइन्समधल्या सभागृहाच्या पाटीवर कायमचे मुक्कामाला आलेले. त्यामुळे २०१५ च्या दिवाळीत सुबोध भावे यांचा चित्रपट लागला तेव्हा शहरातले ज्येष्ठ लोक तो पाहावयास गेले ते जमिनीची मोजणी करावयास जावे तशा मुद्रेने. अभिषेकींच्या चाली जागेवर आहेत की नाहीत, शंकर-एहसान-लॉय यांनी नव्याने किती बांधकाम केले, आणि मुख्य म्हणजे वसंतरावांच्या जागी कोण?

जागी वारस होता. पडद्यावर सचिन पिळगावकर खाँसाहेब झाले, पण गळा वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांचा. सदाशिवासाठी गायलेल्या महेश काळे यांना त्या वर्षी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि पुढे आजोबांच्या आयुष्यावरच्या ‘मी वसंतराव’साठी राहुल देशपांडे यांनाही. ज्या नाटकाचा विषयच गायकीचा वारसा कोणाकडे जावा हा, त्याच्या चित्रपटरूपात असा फेरफार आपोआप नोंदला जावा, हे एखाद्या कादंबरीकाराने लिहिले असते तर आपण त्याला ओढूनताणून जुळवलेले म्हटले असते. नाटक पाहिलेले आमचे वडीलधारे अजूनही म्हणतात, की ती मजा नाही. नाटक न पाहिलेले त्यांना विचारतात, की कोणती? यावर उत्तर देण्याऐवजी ते डोळे मिटतात.

‘सैराट’वाल्या तरुणावर मात्र माझ्याकडून अन्याय होऊ नये. अजय-अतुल यांनी ग्रामीण प्रेमकथेच्या पाठीशी पाश्चात्त्य वाद्यमेळ उभा केला, तो ध्वनिमुद्रित करावयास हॉलिवुड गाठले, आणि मग उत्तरार्धात हैदराबादच्या झोपडीत शिरताच गाणी थांबली. हे थांबणे हीच त्या चित्रपटाची सर्वांत मोठी सांगीतिक करामत आहे असे त्याने गच्चीवर मांडले, तेव्हा मी त्याच्याकडे प्रथमच नीट पाहिले. गाणे काढून घेतल्यावर काय होते ही माझीच कसोटी दिग्दर्शक मंजुळ्यांनी भर चित्रपटात लावून दाखविली होती.

भाऊसाहेबांनी अखेर आदेश दिला की स्थळपाहणीवाचून निकाल नाही. तरुणाने ‘संत तुकाराम’ पाहिलेला नव्हता आणि आत्याने ‘सैराट’. सबब दोन रविवार मुक्रर झाले. ‘सैराट’च्या रविवारी आत्या शेवटी उठून आत गेली ती जेवायलाच बाहेर आली, आणि त्या विषयावर एक अक्षर बोलली नाही, ‘शेरा’ या रकान्यात काय लिहावे हे भाऊसाहेबांनाही सुचले नाही. ‘संत तुकाराम’च्या रविवारी गौरीबाईंची जिजाई म्हशीवर आणि नवऱ्यावर एकाच सुरात ओरडू लागली तेव्हा तरुण खदखदून हसला, विष्णुपंत पागनीस गाऊ लागले तेव्हा मात्र मोबाइल खाली ठेवून बसला. चित्रपट संपल्यावर त्याने एका अभंगाची चौकशी केली, ज्यात एका बीजातून सारा विस्तार होत जाण्याची उपमा आहे, आणि तो गाथ्यात कितवा हे विचारले.

देवघरातून गाथा आला. भाऊसाहेबांनी अनुक्रमणिका चाळली, मग पाने, आत्या म्हणाली, “असंनच, नीट पाहा.” रात्रीचे दहा वाजले तरी शोध चालू होता. तो अभंग शांताराम आठवले यांनी १९३६ साली चित्रपटासाठी रचलेला आहे, आणि तुकोबांच्या वाणीशी इतका एकरूप की भल्याभल्यांनी तो गाथ्यातलाच समजून घेतला, हे मला ठाऊक होते. आत्याकडे पाहून मी गप्प राहिलो. शेवटी भाऊसाहेबांनी गाथा मिटून कपाळाला लावला, वही ओढली, आणि ‘संत तुकाराम’पुढच्या शेऱ्याच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिले: ‘अभिलेखात नोंद आढळत नाही. वहिवाट मात्र आहे.’