ऑटिझम : मेंदूचा शोध कुठवर आला?

पनवेलच्या एखाद्या अंगणवाडीतले मूल हाकेला ओ देत नसेल, नजरेला नजर भिडवत नसेल, तर आईच्या संगोपनाला दोष देऊ नये. ऑटिझममध्ये मेंदूची जडणघडणच वेगळी असते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात ऑटिझम असलेल्या मुलांच्या तान्ह्या भावंडांचे एमआरआय काढले होते. ज्यांना पुढे ऑटिझम आढळला, त्यांच्या मेंदूचा पृष्ठभाग ६ ते १२ महिन्यांच्या वयातच अधिक वेगाने वाढला होता. २०२० साली एका जनुकीय अभ्यासात १०२ जनुकांचा ऑटिझमशी संबंध दिसला. त्यांतली अनेक चेतापेशींमधल्या जोडण्यांशी निगडित आहेत. आता मूलपेशींपासून वाढवलेल्या सूक्ष्म मेंदू-ऊतींवर प्रयोग चालू आहेत. भारतीय कुटुंबांची जनुकीय माहितीही या संशोधनात वाढायला हवी.

निदान मात्र आजही वर्तन पाहूनच होते. म्हणून शंका येताच राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडून किंवा बालरोगतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी.