‘एकाच वेळी’ म्हणजे नेमकं कधी?

बंगळुरूतल्या हेब्बाळला, फ्लायओव्हरकडे उघडणाऱ्या खिडकीशी बसून मी एक छोटा प्रयोग केला. लॅपटॉपवर अपाचे सर्व्हर चालू केला आणि पीएचपीची चार ओळींची स्क्रिप्ट लिहिली: सेशन सुरू कर, पाच सेकंद झोप, उठून किती वाजले ते सांग. मग ब्राउझरच्या दोन टॅबमध्ये एकच पत्ता टाकला आणि लागोपाठ एंटर दाबलं. पहिल्या टॅबमध्ये उत्तर पाच सेकंदांनी आलं. दुसऱ्यात दहा सेकंदांनी.

मी थक्क झालो. शेकडो लोकांना एका दमात पानं वाढणारा हा सर्व्हर दोघांनाच रांगेत कसा उभा करतो?

पहिला संशयित निघाला ब्राउझर. क्रोमला एकच पत्ता दोनदा मागितला, तर तो दुसरी मागणी थोडा वेळ स्वतःजवळच धरून ठेवतो. पहिलं उत्तर साठवून ठेवता आलं, तर तेच दुसऱ्या टॅबला देता येईल, असा त्याचा हिशेब. म्हणजे दुसरी रिक्वेस्ट सर्व्हरच्या दारापर्यंत पोचलेलीच नसते! पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह आणि एक वेगळा आकडा जोडला, की हा अडथळा दूर होतो.

तो दूर केला. तरीही दहा सेकंद.

दुसरं कारण माझ्याच पहिल्या ओळीत होतं. सेशन म्हणजे प्रत्येक पाहुण्याच्या नावाची सर्व्हरवरची वही. दोन स्क्रिप्टनी एकदम त्याच वहीत लिहिलं तर नोंदींचा गोंधळ होईल, म्हणून पीएचपी ती वही उघडताच तिला कुलूप घालते आणि स्क्रिप्ट संपल्यावरच ते काढते. माझे दोन्ही टॅब सर्व्हरच्या लेखी एकच माणूस होते. दुसरी स्क्रिप्ट सुरू झाली होती, पण पहिल्या ओळीवरच कुलपापाशी थांबली होती.

यावरून एक गोष्ट पटली: टॅब उघडून सर्व्हर जोखता येत नाही. त्यासाठी खास अवजार लागतं. अपाचेसोबत ‘एबी’ नावाचं असं एक अवजार मिळतं. त्याचा मूळ कोड १९९६ मधला, झ्यूस टेक्नॉलॉजीच्या ॲडम ट्विस यांचा. त्याला दोनच आकडे सांगायचे: एकूण किती रिक्वेस्ट, आणि एका वेळी किती. (हे फक्त आपल्या स्वतःच्या सर्व्हरवर करावं, दुसऱ्याच्या सर्व्हरवर केलं तर तो हल्लाच ठरतो.) मी झोप एका सेकंदावर आणली आणि सांगितलं: एकूण शंभर, एका वेळी दहा. एबी आपणहून सेशनची कुकी, म्हणजे पाहुण्याची ओळखचिठ्ठी, पाठवत नाही, त्यामुळे प्रत्येक रिक्वेस्ट नवा पाहुणा ठरते. शंभर सेकंदांची झोप दहा-अकरा सेकंदांत उरकली. मग सगळ्या रिक्वेस्टना एकच कुकी दिली. तेच काम, तोच लॅपटॉप, पण वेळ शंभर सेकंदांवर गेला. शेवटी, वही वाचून झाली की लगेच कुलूप काढणारी एक ओळ स्क्रिप्टमध्ये घातली. वेळ पुन्हा दहा-अकरा.

फ्लायओव्हर मला त्या दिवसापासून वेगळा दिसायला लागला. तो २००३ मध्ये झाला. देवनहळ्ळीचा विमानतळ सुरू झाला २००८ मध्ये. आऊटर रिंग रोडची गर्दी आणि विमानतळाकडून येणाऱ्या गाड्या वेगवेगळ्या वाटांनी वर चढतात आणि मेख्री सर्कलकडे जाताना मोजक्या लेनमध्ये शिरतात. वर चढायला जागा असते, इंजिनांत ताकद असते. सगळं अडतं ते एकत्र मिसळण्याच्या त्या तुकड्यावर.

अशा रांगांचं गणित टेलिफोनमुळे जन्माला आलं. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या आग्नर एरलांग यांनी १९०९ मध्ये, येणाऱ्या कॉलवर संभाव्यतेचं गणित लावून निबंध लिहिला. त्या पायावर उभं राहिलेलं एक सूत्र मला आजही चकित करतं. खिडकी एक, माणसं आपापल्या लहरीने येणारी, प्रत्येकाच्या कामाला लागणारा वेळही कमीजास्त. खिडकी निम्मा वेळ व्यग्र असेल, तर तुमचं काम सरासरी दुप्पट वेळ घेतं. ८० टक्के व्यग्र असेल तर पाचपट, ९० टक्क्यांना दहापट, ९५ टक्क्यांना वीसपट! शेवटच्या पाच टक्क्यांत गर्दी फारशी वाढलेली नसते, ताटकळणं मात्र दुप्पट होतं. हेब्बाळला सकाळी पाव तास उशिरा निघणाऱ्याला हे सूत्र कुणी शिकवावं लागत नाही.

मग चार कोअरचा लॅपटॉप एका वेळी चारांहून जास्त पाहुणे सांभाळतो कसा? कारण बहुतेक स्क्रिप्ट बहुतेक वेळ काहीच करत नसतात. त्या डेटाबेसची, डिस्कची, दूरच्या एखाद्या सर्व्हरची वाट बघत असतात. थांबलेली स्क्रिप्ट प्रोसेसरचा जवळजवळ काहीच वेळ खात नाही. ती फक्त मेमरीतली जागा अडवते. अपाचेच्या जुन्या ‘प्रीफोर्क’ मांडणीत प्रत्येक पाहुण्यामागे एक स्वतंत्र प्रोसेस लागते. गर्दी वाढली की अपाचे आधी एक नवी प्रोसेस उभी करतो, सेकंदाने दोन, मग चार, अशा दुपटीने सेकंदाला ३२ पर्यंत. एकूण मर्यादा, कुणी बदलली नसेल तर, २५६.

म्हणून एबीला मी शेवटी २५७ चा आकडा दिला. सर्व प्रोसेस उभ्या राहिल्यावर येणाऱ्या त्या २५७ व्या पाहुण्याला कुणी हाकलत नाही. ऑपरेटिंग सिस्टिम त्याची जोडणी स्वीकारते आणि बाहेरच्या रांगेत बसवते. अपाचे त्या रांगेसाठी ५११ जागा मागून ठेवतो. पाहुण्याच्या बाजूला जोडणी झाल्याचं कळलेलं असतं, त्याची मागणीही रवाना झालेली असते. आणि ज्या सर्व्हरच्या उत्तराची तो वाट पाहतोय, त्याने त्याला अजून पाहिलेलंही नसतं.