तीन मिनिटांच्या डावाचे गैरसमज

"नेट गेला म्हणान हरलंय, नायतर डाव माझोच होतो."

पावसाळ्यात पिंगुळी-कुडाळकडे मोबाइलवर बुद्धिबळ खेळणाऱ्या पोरांच्या तोंडी हे वाक्य हमखास असतं. नेट गेलं नसेल तर समोरच्याने इंजिन (चाली सुचवणारा संगणकीय प्रोग्रॅम) लावलेलं असतं, आणि तेही नसेल तर घड्याळ आडवं आलेलं असतं. 2020 च्या टाळेबंदीत नाशिकच्या विदित गुजराथीसारखे ग्रँडमास्टर यूट्यूबवर डाव खेळून दाखवू लागले आणि हा खेळ गावोगावच्या फोनमध्ये शिरला. पिंगुळीत बसून रात्री अकराला ब्राझीलच्या माणसाशी डाव मांडता येतो, ही सोय मोठीच आहे. पण खेळाबरोबर त्याच्याविषयीच्या समजुतीही पसरल्या. त्यातल्या बहुतेकींत थोडं तथ्य आहे, म्हणूनच त्या सुटत नाहीत आणि खेळाडू आहे तिथेच राहतो.

आधी वेळेचा हिशेब पाहू. फिडे या जागतिक संघटनेच्या नियमांनुसार प्रत्येकी 10 मिनिटं किंवा त्याहून कमी वेळेचा डाव म्हणजे ब्लिट्झ. दहाच्या वर आणि साठच्या आत असेल तर रॅपिड. एक-दोन मिनिटांच्या डावाला ऑनलाइन मंडळी बुलेट म्हणतात. '3+2' म्हणजे सुरुवातीला तीन मिनिटं आणि प्रत्येक चालीला दोन सेकंदांची भर. डाव 40 चालींचा धरला तर नुसत्या तीन मिनिटांत एका चालीच्या वाट्याला साडेचार सेकंद येतात, 3+2 मध्ये साडेसहा आणि एका मिनिटाच्या बुलेटमध्ये फक्त दीड.

गैरसमज 1: एवढ्या वेळात विचार होतच नाही. हा नुसता बोटांचा खेळ.

वस्तुस्थिती: बोटं लागतात, पण ती डोळ्यांच्या मागून चालतात. डच मानसशास्त्रज्ञ आड्रियान द ग्रोट याने 1946 मध्ये मांडलेल्या संशोधनात दिसलं की ग्रँडमास्टर चांगल्या क्लब खेळाडूपेक्षा फार जास्त चाली पुढचं मोजत नाहीत. चांगली चाल त्यांच्या नजरेला आधीच पडते. 1973 मध्ये विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी पट पाच सेकंद दाखवून झाकला. खऱ्या डावातली स्थिती निष्णात खेळाडूंनी भराभर पुन्हा मांडली, नवशिक्यांना थोडीच मोहरी आठवली. मात्र मोहरी वाटेल तशी विस्कटून ठेवली तेव्हा निष्णातांची आघाडी जवळजवळ नाहीशी झाली. म्हणजे त्यांची स्मरणशक्ती अचाट नव्हती. प्यादी, हत्ती, घोडा यांच्या ओळखीच्या जुळण्या त्यांच्या डोक्यात साठलेल्या होत्या.

हा साठा वेगात तयार होत नाही, वेगात फक्त वापरला जातो. पिंगुळीच्या ठाकर कलावंतांची कळसूत्री बाहुली पडद्यापुढे क्षणात मान वळवते. त्या क्षणामागे दोऱ्यांवर सावकाश बसवलेला कित्येक वर्षांचा हात असतो. ब्लिट्झमधली झटपट चालही अशीच येते.

गैरसमज 2: ब्लिट्झ म्हणजे टाइमपास. खऱ्या बुद्धिबळाशी त्याचा संबंध नाही.

वस्तुस्थिती: संबंध आहे, आणि घट्ट आहे. ब्रूस बर्न्स या संशोधकाने 2004 मध्ये ब्लिट्झ स्पर्धांचे निकाल तपासले. नेहमीच्या वेळेच्या पाच टक्क्यांहून कमी वेळेत खेळाडू कसे खेळतात, एवढ्यावरून त्यांच्या एकूण ताकदीतल्या फरकाचा 81 टक्क्यांपर्यंतचा भाग उलगडतो, असं त्याला आढळलं. लांब डावात जो बलवान, तोच बहुधा छोट्या डावातही बलवान.

नागपूरच्या दिव्या देशमुखचं उदाहरण ताजं आहे. 2024 च्या बुडापेस्ट ऑलिम्पियाडमध्ये, लांबच्या डावांत, तिने संघाबरोबर सुवर्ण मिळवलं आणि आपल्या पटावर वैयक्तिक सुवर्णही. 2025 च्या जूनमध्ये लंडनच्या जागतिक सांघिक ब्लिट्झ स्पर्धेत तिने चीनच्या माजी महिला जगज्जेत्या हौ यिफानला हरवलं. जुलैत बाटुमी इथे महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत कोनेरू हंपीविरुद्धचे दोन्ही लांब डाव बरोबरीत सुटले आणि निकाल रॅपिडवर गेला. पहिला रॅपिड बरोबरीत सुटला. दुसऱ्यात वेळेच्या दडपणाखाली हंपीकडून चूक झाली आणि काळ्या मोहऱ्यांनी दिव्या जिंकली. विश्वचषक आणि ग्रँडमास्टर किताब दोन्ही त्या दिवशी ठरले ते कमी वेळेच्या डावावर.

पण याचा अर्थ सावकाश विचार फुकट असतो असा नाही. 2007 आणि 2012 मधल्या आणखी दोन अभ्यासांत वेळ वाढवून दिल्यावर निष्णातांचाही खेळ सुधारतो, असं दिसलं. नजर पहिली चाल सुचवते. ती बरोबर आहे का, हे पाहायला वेळच लागतो.

गैरसमज 3: रोज पन्नास डाव खेळलं की आपोआप सुधारणा होते.

वस्तुस्थिती: सगळ्यात महाग पडणारा गैरसमज हाच. नील चार्नेस आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये स्पर्धात्मक खेळाडूंचा अभ्यास केला. ताकदीशी सर्वांत जवळचं नातं निघालं ते एकट्याने बसून केलेल्या गंभीर अभ्यासाच्या तासांचं. नुसते डाव खेळण्याचा वाटा त्यामानाने कमी होता.

कारण उघड आहे. ब्लिट्झमध्ये चुकीची शिक्षा दर वेळी मिळत नाही. घोडा फुकट ठेवला आणि समोरच्याच्या लक्षात आलं नाही, तर मेंदू ती चाल 'चालते' म्हणून जमा करतो. पन्नास डावांत अशा सवयी पन्नासदा घोटल्या जातात. त्यात हरल्यावर तिरमिरीत लगेच 'रीमॅच' दाबला की पुढचा डाव पटावरच्या स्थितीऐवजी आधीच्या रागावर खेळला जातो.

केवळ ऑनलाइन डावांवर वाढलेल्या खेळाडूचा जमाखर्च साधारण असा दिसतो. जमेच्या बाजूला दुहेरी मारा पटकन दिसणं, अडचणीत न घाबरणं, माउसवर बसलेला हात. खर्चाच्या बाजूला समोरच्याच्या चालीचा हेतू न पाहणं, प्याद्यांच्या रचनेकडे दुर्लक्ष आणि एंडगेमची, म्हणजे मोजकी मोहरी उरलेल्या शेवटाची, नावड. चार चालींत मात देण्याचे सापळे पाठ असतात, पण राजा आणि एक प्यादं विरुद्ध राजा ही स्थिती जिंकता येत नाही. सापळा एका प्रतिस्पर्ध्यावर एकदाच चालतो. राजा-प्याद्याचा एंडगेम मात्र जन्मभर पटावर येत राहतो, आणि तो नीट येत असेल तर घड्याळात दहा सेकंद उरले असतानाही जिंकता येतो.

गैरसमज 4: मी वेळेवर हरलो, म्हणजे खेळात हरलो नाही.

वस्तुस्थिती: तीन मिनिटांच्या डावात वेळ हे एक मोहरंच आहे. ते कुठे खर्च झालं हे बघता येतं, कारण डाव संपल्यावर प्रत्येक चालीला किती सेकंद लागले हे संकेतस्थळ दाखवतं. आपल्या हरलेल्या डावांत ते आकडे पाहा. बहुतेकदा वेळ शेवटी संपलेला नसतो. तो दहाव्या-बाराव्या चालीपाशी, दोन सारख्याच बऱ्या चालींत कोणती निवडू या घोळात गेलेला असतो. तिथे वीस सेकंद गेले की शेवटच्या वीस चाली खेळायला काही उरत नाही.

उपाय तीन. ओपनिंग एकच घ्या, पण तिच्यामागचा हेतू समजून घ्या, म्हणजे पहिल्या आठ-दहा चाली वेळ खात नाहीत. दुसरं, मारामारी नसलेल्या स्थितीत 'चांगली' चाल पुरते, 'सर्वोत्तम' शोधत बसू नका. सेकंद राखून ठेवा ते शह, मारा आणि धमकी असलेल्या क्षणासाठी. तिसरं, सुधारायचं असेल तर 3+0 सोडून 3+2 किंवा 5+3 खेळा. भर पडत असेल तर जिंकलेली स्थिती खरोखर जिंकून दाखवावी लागते, नुसतं घड्याळ पाडून भागत नाही.

एक नियमही लक्षात ठेवा. वेळ संपली तरी समोरच्याकडे एकटा राजा उरला असेल तर डाव बरोबरीत सुटतो, हार होत नाही. हरणाऱ्या डावात समोरच्याचं शेवटचं प्यादं मारणं म्हणूनच अर्ध्या गुणाचं ठरू शकतं.

गैरसमज 5: नेट गेलं तर तो पराभव धरायचा नाही.

वस्तुस्थिती: सह्याद्री आणि समुद्राच्या मधल्या पट्टीत जून ते सप्टेंबर वीज आणि नेटवर्क दोन्ही बेभरवशाची, हे खरं. मोठी संकेतस्थळं चाल पोचायला झालेल्या उशिराची काही अंशी भरपाईही देतात. पण संपर्क पूर्ण तुटला तर घड्याळ चालूच राहतं.

यावरचा जगप्रसिद्ध निवाडा भारताच्याच सामन्यांत झाला. 2020 च्या ऑगस्टमधल्या फिडे ऑनलाइन ऑलिम्पियाडमध्ये भारताचा कर्णधार विदित होता. उपांत्यपूर्व फेरीत भारताविरुद्ध आर्मेनियाच्या एका खेळाडूचा संपर्क तुटला. दोष त्याच्या बाजूचा ठरला, दाद फेटाळली गेली आणि आर्मेनियाने माघार घेतली. 30 ऑगस्टच्या अंतिम सामन्यात रशियाविरुद्ध निहाल सरिन आणि दिव्या देशमुख यांचा संपर्क तुटून ते वेळेवर हरले. या वेळी कारण जगभर कोलमडलेल्या इंटरनेट सेवेचं होतं, म्हणून फिडेने भारत आणि रशिया दोघांना सुवर्ण दिलं. तात्पर्य सरळ आहे: जगाचं नेट बंद पडलं तर दाद लागते, आपल्या घरचं पडलं तर नाही. पावसाळी रात्री बुलेट खेळू नये, जास्त वेळेचे डाव खेळावेत आणि स्पर्धा असेल तर दुसऱ्या कंपनीचं सिम तयार ठेवावं.

गैरसमज 6: ऑनलाइन 1600 म्हणजे खरा 1600.

वस्तुस्थिती: रेटिंग ही उंचीसारखी मोजपट्टी नव्हे. ते फक्त त्या संकेतस्थळावरच्या, त्या वेळेच्या डावांतल्या खेळाडूंशी केलेली तुलना असते. लिचेस या संकेतस्थळावर प्रत्येकाची सुरुवात 1500 पासून होते. चेस डॉट कॉमवर ती आपण निवडलेल्या पातळीवर ठरते, त्यामुळे दोन्हीकडचे आकडे जुळत नाहीत. फिडेचीही लांब, रॅपिड आणि ब्लिट्झ अशी तीन वेगळी रेटिंग आहेत, आणि 2024 च्या मार्चपासून 1400 च्या खाली फिडे रेटिंगच नाही. मग ऑनलाइन 900 चं फिडेत भाषांतर करणार कसं?

चढउतारांनीही बिचकू नये. रेटिंगमध्ये 200 चा फरक असला तरी गणितानुसार कमजोर खेळाडूला चारपैकी सुमारे एक गुण मिळणं अपेक्षितच असतं. एका रात्रीत साठ गुण गेले म्हणजे खेळ बिघडला असं नाही. झोप आली होती, एवढाच अर्थ बहुधा असतो. दोन महिन्यांची रेषा कुठे चालली आहे ते पाहावं.

गैरसमज 7: मला हरवणारा इंजिनच लावतो.

वस्तुस्थिती: फसवणूक होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. साध्या फोनमधलं इंजिनही आज विश्वविजेत्याला हरवतं. 2021 च्या जूनमध्ये विश्वनाथन आनंदबरोबरच्या एका धर्मादाय ऑनलाइन डावात एका उद्योजकाने अशी मदत घेतली आणि नंतर ते कबूलही केलं. पण तीन मिनिटांत प्रत्येक चाल इंजिनला विचारून खेळणं सोपं नसतं, आणि तसं केलं तर खूण राहते: सोप्या आणि अवघड चालीला सारखाच वेळ लागतो. संकेतस्थळं चालींची अचूकता आणि वेळेचा नमुना दोन्ही तपासतात, खातं बंद करतात आणि गेलेले रेटिंग गुणही परत देतात. संशय आला तर तक्रारीचं बटण दाबा आणि विषय सोडा. समोरचा आपल्याहून चांगला खेळला, ही शक्यता नेहमीच जास्त असते.

गैरसमज 8: वेग हा पोरांचा प्रांत. चाळिशीनंतर यात पडू नये.

वस्तुस्थिती: आनंदने 2017 मध्ये रियाधला जागतिक रॅपिड विजेतेपद मिळवलं तेव्हा तो 48 वर्षांचा होता. हंपीने 2024 मध्ये तेच महिलांचं विजेतेपद दुसऱ्यांदा जिंकलं, वयाच्या 37 व्या वर्षी. वय वाढलं की हात मंदावतो, पण ओळखीच्या स्थितींचा साठा मोठा असतो. मोठ्यांनी बुलेटऐवजी सेकंदांची भर असलेले डाव निवडले तर त्या साठ्याचा उपयोग होतो.

सुधारणेचा मार्ग या सगळ्यातून एकच निघतो: सावकाश शिकावं, वेगात तपासावं. रोज वीस मिनिटं पझल सोडवा, तीही घड्याळाशिवाय, पूर्ण उत्तर मनात दिसेपर्यंत चाल न करता. आठवड्याला एखादा तरी लांब डाव खेळा, शक्य तर समोर माणूस आणि लाकडी पट घेऊन. ब्लिट्झचे डाव चारावर थांबवा आणि लागोपाठ दोन हरलात तर त्या दिवसापुरता फोन खाली ठेवा. मग हरलेला एक डाव इंजिन बंद ठेवून पुन्हा मांडा, नक्की कुठे चुकलं ते आधी स्वतः ठरवा आणि त्यानंतरच इंजिनला विचारा. लिचेसवर हे सगळं फुकट होतं. पाचव्या डावासाठी राखलेली दहा मिनिटं या कामाला दिलीत, तर पुढचे चार डाव सुधारतील.